समुद्री टाकीत केसाळ शेवाळ माजलंय, फॉस्फेट मात्र शून्य. हे जगतं कशावर?

वारजे_रीफ
नमस्कार. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, दगड-वाळू वजा जाता पाणी दीडशे लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, थोडे झोअँथिड आणि मशरूम (दोन्ही प्रवाळासारखे मऊ जीव). खाली सम्प (जोडटाकी), त्यात फेसातून घाण काढणारा स्किमर. दिवाळीपर्यंत सगळं झकास होतं. मग काचेवर तपकिरी थर आला, तो गेला, आणि आता दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ एवढं वाढलंय की झोअँथिड उघडतच नाहीत. वाळूच्या कोपऱ्यात लालसर साय धरायला लागलीय ती वेगळीच.

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. किट बदलून पाहिलं, तेच. खारेपणा १.०२५, तापमान २६. लाइट दहा तास. रोज फ्रोझन ब्राइन श्रिम्पचा एक क्यूब. पाणी घरच्या आरओचं, त्यात विकतचं समुद्री मीठ. सोसायटीत टँकर येतो, उन्हाळ्यात तर रोजच.

दुकानदार म्हणतो, शेवाळ मारायचं औषध टाका, तीन दिवसांत साफ. सासूबाई म्हणतात, एवढा खर्च करून शेवाळच पाळायचं होतं तर गावची विहीर काय वाईट होती. मला औषधाची भीती वाटते. कुणी सांगेल का काय करू?

निऑन_पिंपरी
तीन दिवस लाइट बंद, टाकीवर चादर. आणि एक यलो टँग सोडा, सगळं चरून खाईल. विषय संपला.

खारटकाका
संपत नाही हो. टँग दिवसभर पोहणारा मासा, तीन फुटांत त्याला नीट वळताही येणार नाही. आणि त्याने खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन त्याच पाण्यात पडणार. चादरीने हिरवं पांढुरकं होईल, पण दगडाला चिकटलेला बुडखा राहील आणि लाइट लागला की परत फुटेल.

वारजेकर ताई, तुमचं किट बरोबर आहे. ते पाण्यात उरलेलं फॉस्फेट मोजतं, एवढंच. डब्यात लाडू नाहीत म्हणून घरात लाडू झालेच नव्हते असं होत नाही, पोरांचे गाल बघायचे. तुमचं फॉस्फेट त्या हिरव्या केसांत आहे. ते येतं कुठून हे शोधायचं, आणि केस हाताने बाहेर काढायचे. बाकी सगळं त्यानंतर.

पहिला संशय पाण्यावर. पिण्याच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाणी अळणी लागू नये म्हणून तो मेम्ब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. काही मशिनांत वर मिनरलचं कार्ट्रिजही असतं. माणसाला चांगलं, टाकीला नाही. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, त्यामुळे नळाच्या पाण्यावर बराच काळ निभावतं. टँकर बोअरचा असेल तर त्यात क्षार आले, कदाचित नायट्रेट आलं, आणि सिलिकाही आलं. तुमचा तो तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, त्याला सिलिकाच लागतं. टीडीएस मीटर शेदोनशेला मिळतो. मीठ घालायच्या आधी आरओचं पाणी मोजा आणि आकडा इथे लिहा.

औषधाचं म्हणाल तर घाबरताय ते बरोबरच आहे. एवढं शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि धरून ठेवलेलं सगळं फॉस्फेट परत सोडतं. त्यात बाटलीत तांबं असेल तर गोगलगायी आणि कोळंबी गेलीच म्हणून समजा.

वारजे_रीफ
काका, मोजलं. टँकरचं ६१०, आरओतून आलेलं ७४! मी तर आरओ म्हणजे शुद्ध समजून चालले होते. लाल सायीचं काय? हात लावला की चादरीसारखी निघते.

खारटकाका
७४ म्हणजे बहुधा कंट्रोलर उघडा आहे. टाकीसाठी मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) लावून वेगळी नळी काढा, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, आणि तिला उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. पिण्याची लाइन आहे तशी राहू द्या, नाहीतर सासूबाई चहावरून ओळखतील. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. एक-दोनवर गेलं की रेझिन बदलायचं, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सिलिका आधी निसटतं.

आता केस. जुना टूथब्रश घ्या, हवेच्या पंपाच्या नळीपेक्षा जाड नळीच्या टोकाला रबरबँडने बांधा आणि सायफन चालू ठेवून घासा, म्हणजे तुटलेलं तिथल्या तिथे बादलीत जातं. सुटे दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून घासा, नळाखाली धरू नका. बादली भरली की तेवढं नवीन खारं पाणी टाकीत. एका बैठकीत सगळं करायचा हट्ट नको, एकेक बाजू घ्या. गच्च पिळलेला मूठभर शेवाळाचा गोळा हातात आला की तेवढं नायट्रोजन-फॉस्फरस घराबाहेर गेलं. हे स्किमरलाही जमत नाही, कारण शेवाळात बांधलेलं त्याच्या हाती लागतच नाही.

केस नीट बघा. साधे दोऱ्यासारखे असतील तर ठीक. नेच्याच्या पानासारखी दोन्ही बाजूंनी पिसं फुटलेली असतील तर तो ब्रायोप्सिस. तो घासून हटत नाही, त्याला बरेच जण फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात. पण आधी जवळून फोटो टाका, मग बोलू.

लाल साय हे शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. यातल्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूसुद्धा वापरतात, म्हणून नायट्रेट शून्य झालं तरी त्यांचं काही अडत नाही. ती साय सायफनने ओढून घ्या आणि वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) त्या कोपऱ्याकडे वळवा. तिथे प्रवाह मरतोय.

लाइट सातआठ तासांवर आणा. क्यूब गाळणीत वितळवून ते पाणी बेसिनमध्ये जाऊ द्या. तीन छोट्या माशांना अख्खा क्यूब जास्तच होतो, अर्ध्यावर या.

निऑन_पिंपरी
मग जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) का नाही टाकायचं? दोन दिवसांत फॉस्फेट खाली.

खारटकाका
खाली म्हणजे कुठे? आत्ताच शून्य दिसतंय. दगड कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांनी इतके दिवस फॉस्फेट धरून ठेवलंय आणि ते हळूहळू सोडणार. जीएफओने पाणी पार कोरडं केलं की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव येऊ शकतात. तपकिरी शेंबडासारख्या तारा, टोकाला बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी जास्त. काही जाती विषारी असतात, गोगलगायी मरतात. केसाळ शेवाळ त्यापुढे सोज्वळ वाटेल. केस कमी झाल्यावर फॉस्फेट दिसायला लागलं आणि ०.१ च्या वर चढत राहिलं, तर थोडं जीएफओ लावा. ०.०३ ते ०.१ मध्ये राहिलं तर मी हातही लावणार नाही. नायट्रेट पाचदहा असलं तरी चालतं, उलट बरंच.

कर्वेनगर_केटो
काकांच्या पाण्यावरच्या मुद्द्याला जोडून सांगते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा एवढी कोरडी असते की टाकीवर पंखा लावला की रोज काही लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. म्हणजे ७४चं पाणी रोज भरत गेलात की रोज थोडी भर पडत गेली. मीठ कालवायचं पाणी जपणारे लोकसुद्धा टॉपअप बिनधास्त पिण्याच्या आरओतून करतात. टॉपअपही डीआयचंच करा आणि गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर बुधवारीच कॅन भरून ठेवा.

सम्पमध्ये जागा असेल तर मूठभर केटोमॉर्फा टाका आणि त्यावर रात्री लाइट लावा. शेवाळच ते, पण तुम्ही सांगाल तिथे वाढणारं. वाढलं की अर्धं कापून फेकायचं. गोगलगायी ट्रोकस घ्या, उलट्या पडल्या तरी बहुधा स्वतः सरळ होतात. टर्बो पालथे पडले की तसेच राहतात आणि मेले की पाणी खराब करतात. पण लांब केस गोगलगायी सहसा खात नाहीत, आधी ब्रश.

वारजे_रीफ
खूप मदत झाली. नळी आणि रेझिन उद्याच आणते. एक शेवटचं. मे महिन्यात मालवणला जातोय. तिथून समुद्राचं पाणी आणि एखादा जिवंत दगड आणला तर चांगले बॅक्टेरिया येतील ना?

खारटकाका
दगड अजिबात नको. त्यावर कठीण प्रवाळाचा तुकडा असला तर थेट वन्यजीव कायदा लागतो, २००१ पासून ते पहिल्या अनुसूचीत आहेत. पाण्याचंही सोडा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि गाडीत तासन्‌तास बंद कॅनमध्ये उकडून त्यातलं जे जिवंत ते मरून सडतं. मालवणला जा, मासे खा. जायच्या आधी अर्धा क्यूब कोण घालणार ते मात्र ठरवा, आणि क्यूब पुडीत बांधून फ्रीजरला ठेवून जा. शेजारी दयाळू असले की टाकीत फार पडतं.