झुंजीच्या कोंबड्याला स्टुलावर उड्या मारायला शिकवणं: खेळ, छळ की झुंजीचीच तालीम?

डालगेवाला:
दीड वर्षापूर्वी आठवडी बाजारात असील या झुंजीच्या जातीचा एक नर घेतला. विकणारा म्हणाला, "पायात दम आहे, वर्षात पैसे फिटतील." कसे फिटतील ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. झुंज लावायची नाही हे घरूनच ठरवून गेलो होतो. आज सुभेदार (नाव चालीवरून पडलं) पावणेचार किलोचा आहे.

त्याला शिकवतो ते असं. हातात साधं बॉलपेन घ्यायचं. बटण टक् वाजलं की मक्याचा एक दाणा. पहिले तीन दिवस एवढंच. मग बांबूच्या काडीला बाटलीचं लाल बूच चिकटवलं. त्याने बुचाला चोच मारली की टक् आणि दाणा. बूच नेईन तिकडे तो यायला लागला. सगळी गोम वेळेत आहे. एकदा त्याने चोच मारून मान वर केली आणि मी टक् उशिरा केलं. पुढचे दोन दिवस साहेब बुचाकडे ढुंकूनही न बघता नुसती मान वर करून उभे. तेव्हा कळलं, मी त्याला काय शिकवलं ते.

आता हाकेला येतो, मनगटावर बसतो आणि दीड-दीड फुटावर ठेवलेल्या तीन स्टुलांवरून ओळीने जातो. सकाळी दाणे टाकायच्या आधी पाच मिनिटं, बास. त्यापुढे त्याचं चित्त उकिरड्यावर.

शेजारचे काका म्हणतात, वाघाला भजन शिकवतोस. बहीण म्हणते, हा छळ आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. असीलची कोंबडी अंडी मोजकीच देते, मांसही सावकाश धरते. ही जात आजवर झुंजीसाठीच राखली गेली. झुंज जायलाच हवी, पण तिच्या जागी दुसरं काही आलं नाही तर हा पक्षी कोण पाळणार?

निंबोणी:
तुझी यादी आणि झुंजवाल्याची यादी शेजारी ठेवून बघ. मोजका खुराक, वजनावर लक्ष, उड्या, हाताळून माणसाळवणं. फरक फक्त शेवटच्या दिवसाचा. आणि जात वाचवायची म्हणतोस, ती कोणासाठी? ज्या गुणासाठी माणसाने तिला घडवलं तोच गुण नको असेल तर ती कमी झाली म्हणून रडायचं का? तू बाजारात पैसे मोजलेस, तेव्हा त्या विकणाऱ्याने पुढची चार पिल्लं राखली असतील.

खाडीपलीकडचा:
माणसाळवूक शिकवचा लागता असा कोणी सांगितल्यान? आमचो आजो झुंजीचे कोंबडे पाळायचो. माणसाच्या अंगार इलो तो कोंबडो आयतवाराक टोपात! झुंजीत त्याका मधेच उचलूचो लागता, पाणी मारूचा लागता. तेव्हा जो धन्याक चोच मारता तो कोणाक व्हयो? म्हणान असील माणसाकडे शांत. ह्या तुझ्या पेनाचा श्रेय न्हय, आमच्या टोपाचा.

डालगेवाला:
टोपाचं श्रेय मान्य! पण शांत असणं वेगळं आणि बोलावल्यावर शेताच्या दुसऱ्या टोकावरून पळत येणं वेगळं.

झाडीपट्टी:
गडचिरोली-चंद्रपूरकडे कोंबड बाजार भरतो तिथला माणूस आहे मी. पायाला काती बांधतात. ज्याने बघितलं नाही त्याने बोटभर धारदार पातं डोळ्यांसमोर आणावं. खेळ कधी अर्ध्या मिनिटात संपतो. त्यात शौर्य वगैरे नसतं, पैसा असतो. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. पोलीस येतात, जुगाराच्या कायद्याखाली माणसं धरतात, मोटरसायकली जप्त होतात, पुढच्या हंगामात दुसऱ्या रानात परत तेच.

हे झुंजीच्या बाजूने सांगत नाहीये. पण भावा, तुझ्या तीन स्टुलांनी ते थांबेल असं वाटत असेल तर थांब जरा. तिथे कोंबडा निमित्त आहे. उद्या त्याला नाचायला शिकवलंस तर नाचावर पैसे लावतील.

पशुसंवर्धनवाली:
इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. माणसाशी माणसाळणं शिकवता येतं, शिवाय पिल्लू पहिल्या काही दिवसांत ज्याला बघतं त्याच्याशी जुळतं. दुसऱ्या नराशी भांडणं हे मात्र असीलच्या रक्तात आहे. कळपात वरचा-खालचा क्रम सगळ्याच कोंबड्या लावतात. थॉर्लेफ शेल्डरुप-एबे या नॉर्वेच्या अभ्यासकाने 1920 च्या सुमारास तो कोण कोणाला चोच मारतं या हिशेबाने मांडला. साध्या गावठीत हरलेला मागे सरतो आणि प्रकरण मिटतं. असीलमधून ती माघारच पिढ्यानपिढ्या वेचून काढली आहे. तुझा सुभेदार कितीही उड्या मारू दे, दुसरा नर दिसला की सगळं शिक्षण विसरेल. त्यामुळे वेगळं खुराडं, मध्ये जाळी नव्हे, भिंत, कारण जाळीतून दिसलं तरी तो डोकं फोडून घेतो. आणि स्टुलाची उंची कमी ठेव. चार किलोचा पक्षी कडक जमिनीवर उतरत राहिला की तळपायाला गाठ येते, ती चिघळते. खाली भुसा टाक.

निंबोणी:
बघा. म्हणजे आयुष्यभर एकटा कोंडायचा आणि सकाळी पाच मिनिटं सर्कस.

पशुसंवर्धनवाली:
एकटा का? दोन-तीन तलंगांबरोबर (तरुण कोंबड्या) मजेत राहतो. आणि दाणा मिळवायला डोकं चालवावं लागणं म्हणजे छळ नव्हे. कोंबडी मोकळी सोडली तर दिवसभर दुसरं काय करते?

उलटी_पाटी:
सर्कस म्हणालात म्हणून. अमेरिकेत केलर आणि मरियन ब्रेलंड हे जोडपं, बक्षीस देऊन वागणं कसं घडतं ते अभ्यासणाऱ्या बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे विद्यार्थी, धंदा म्हणूनच कोंबड्यांना शिकवायचं. डालगेवाल्याचं पेन त्याच घराण्यातलं. त्यांना कोंबडीने चौथऱ्यावर बारा-पंधरा सेकंद नुसतं उभं राहायला हवं होतं. जमेना, ती पायाने उकरतच राही. मग त्यांनी काय केलं? त्या उकरण्यालाच नाच म्हटलं आणि 'नाचणारी कोंबडी' दाखवायला लागले. हे त्यांनी स्वतःच 1961 साली शास्त्रीय लेखात लिहिलं. बघणाऱ्यांना वाटे कोंबडी नाचते, ती बिचारी किडे शोधत होती. माझी हरकत इथे आहे. प्राण्याला काय वाटतं ते बघणाऱ्याला कळतच नाही, त्याला फक्त टाळ्या कळतात.

परदेशस्थ_पण_गावठी:
उलट मला त्यात त्यांचा शहाणपणा दिसला. कोंबडी जे करतेच आहे ते घ्या. इंडोनेशियात पश्चिम जाव्याच्या चियांजूर भागात पेलुंग नावाचा कोंबडा आहे, त्याच्या आरवण्याच्या स्पर्धा होतात. आवाजाची लांबी, चढ-उतार यावर गुण. कोंबडा तसाही आरवणारच, तर त्यावर स्पर्धा. इंग्लंडात डर्बीशरमधल्या बोन्साल गावी कोंबड्यांची शर्यत असते. निम्म्या कोंबड्या वाटेतच चरत बसतात, लोक हसतात, कोणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडे आरवण्याची स्पर्धा लावायला काय हरकत आहे? असीलचा आवाज तसा घोगराच, पण गावठी ऐका पहाटे.

झाडीपट्टी:
लावा की. किती वेळ आरवला यावर पैसे लावतील 😀

कलमबहाद्दर:
कायद्याचं थोडक्यात. असील पाळणं गुन्हा नाही. 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला झुंजीला चिथावणं आणि झुंजीसाठी जागा चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळेची शिक्षा माहीत आहे? दंड, 10 ते 50 रुपये. त्या पैशात सुभेदाराचा एका दिवसाचा मका येईल. तिकीट लावून खेळ दाखवणार असशील तर मात्र नोंदणी लागते, घरच्या अंगणात नाही.

निंबोणी:
डालगेवाल्या, माझा एकच प्रश्न राहिला आहे. उड्यांचे व्हिडिओ टाकल्यापासून कोंबडा विकत मागायला कोणी आलं का?

डालगेवाला:
आलं. गेल्या महिन्यात दोघं जण मोटरसायकलवरून आले, बाजारभावाच्या तिप्पट बोलले. एकाने न विचारता सुभेदाराला उचलला आणि त्याच्या पायामागचा नखासारखा काटा अंगठ्याने चाचपून बघितला. स्टुलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी दिला नाही.

उड्या चालू आहेत, भुसाही टाकला. व्हिडिओ काढून टाकलेत.