वस्तरा हातावरचे केस उडवतो, पण हनुवटीवर ओढतो. धारेत काय चुकतंय?

घाटमाथा
जुन्या बाजारातून सोलिंगनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध शहर) वस्तरा घेतला आहे. रुंदी ५/८ इंच, पाते पोकळ घासलेले (दोन्ही बाजू आत खोलगट), पाठीवर थोडे काळे डाग आहेत पण धारेपाशी गंज नाही. दगड दोन : १०००/६००० चा जोडदगड आणि १२००० (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). तिन्हींवर दोन्ही बाजूंनी मिळून अनुक्रमे ५०, ४० आणि ४० हात (पाते दगडावरून ओढण्याच्या खेपा) मारले, मग चामड्याच्या पट्ट्यावर ३०. हातावरचे केस झटकन उडतात, गालावरही बरा चालतो. हनुवटी आणि ओठावर मात्र ओढतो आणि टोकाकडचा इंचभर भाग तर नुसता घासत जातो. १२००० वर आणखी १०० हात मारून पाहिले, फरक शून्य. याच्या वरचा दगड घ्यावा की पॉलिशची हिरवी पेस्ट?

निसणा
दोन्ही नको. तुमचं काम १००० वरच अर्धवट राहिलंय आणि वरचे दगड ते अर्धवट काम चकाचक करत बसलेत.

वस्तऱ्याचा कोन आपण हाताने ठरवत नाही, पाते ठरवतं. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठ साडेचार मिलिमीटर जाड आणि पाते १६ मिलिमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजू मिळून साधारण १६ अंश. दोन्ही बेव्हल (धारेलगतच्या घासलेल्या उतरत्या पट्ट्या) जिथे मिळतात ती रेघ टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) टोकापर्यंत सलग तयार व्हायला हवी, आणि हे काम १००० चंच. १२००० वाला दगड धातू इतका कमी काढतो की तिथे १०० काय, ५०० हात मारले तरी ती रेघ जुळणार नाही. हातावरचे केस मऊ असतात, ते १००० च्या धारेनेही उडतात. म्हणून ती चाचणी फक्त १००० नंतर घ्यायची, शेवटी नाही.

आता मार्कर घ्या. दोन्ही बाजूंच्या बेव्हलवर धारेपर्यंत शाई फासा, १००० वर अगदी हलके दोन-तीन हात मारा आणि भिंगाखाली बघा. ३० पटीचं भिंग पुरतं. शाई जिथे उरली तिथे दगड पोचलेलाच नाही. दुसरी खूण : धार वर करून दिव्याखाली सरळ वरून बघा. जुळलेली धार दिसतच नाही. कुठे चांदीसारखा ठिपका किंवा रेघ चमकली, तर तिथे धार बोथट आहे किंवा दाता पडलाय.

आणि त्याआधी दगड सपाट करा. पेन्सिलीने चौकटी आखा, जाड काचेवर ३२० चा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून पुसल्या जाईपर्यंत घासा. नवाकोरा दगडसुद्धा सपाट असतो असं धरून चालू नका.

सोलिंगनप्रेमी
निसणा यांच्याशी सहमत, पण '५० हात, ४० हात' हा हिशोबच डोक्यातून काढा. १००० वर हात मोजायचे नसतात. शाई आणि भिंग सांगेपर्यंत थांबायचं नाही. जुन्या बाजारातल्या पात्याला ५० लागतात, ५०० पण लागतात.

दाब किती देताय ते लिहिलेलं नाही. पोकळ घासलेलं पाते धारेपाशी कागदासारखं पातळ असतं. दाबलं की ते वाकतं, बेव्हलचा मागचा भाग घासला जातो आणि कडेला पातळ तार तयार होते. ही तार हातावरचे केस मजेत कापते, पण हनुवटीच्या राठ खुंटाला लागली की मोडते, आणि मग ओढणं सुरू. '१२००० वर अजून १०० हात' या उपायाने नेमकं हेच होतं. १००० वर पात्याच्या वजनापेक्षा किंचित जास्त दाब, ६००० पासून पुढे नुसतं पात्याचं वजन. पाण्याची पातळ लाट धारेपुढे पळताना दिसली पाहिजे.

तार आली असेल तर काचेच्या पेल्याच्या काठावरून धार एकदाच, स्वतःच्या वजनाने ओढा. केस कापणं बंद झालं पाहिजे. मग १००० पासून पुन्हा. जिवावर येतं, पण धारेवर पॉलिश करत बसण्यापेक्षा हे लवकर आटोपतं.

घाटमाथा
मार्कर लावला. उजव्या बाजूची शाई पूर्ण गेली. डाव्या बाजूला टोकाकडच्या सुमारे २० मिलिमीटरवर धारेलगत बारीक काळी रेघ तशीच आहे. दगड सपाट केला होता. पाते वाकडं आहे का?

निसणा
असू शकतं, पण आधी हात तपासा. पाते काचेवर आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, आणि टोकावर बोटाने अलगद टिचकी द्या. मग टाचेवर. टक्-टक् असा डुलण्याचा आवाज आला तर पाते पिळलेलं आहे. आवाज नसेल तर हाताची चूक : परतीच्या हाताला मनगट फिरतं, मुठीकडची बाजू दाबली जाते आणि टोक उचललं जातं. बहुतेकांचं हेच होतं, आणि तेही एकाच बाजूला.

शाई कुठे उरते यावरून रोग कळतो :
– दोन्ही बाजूंना मधेच उरली : दगड मधे खोलगट झालाय किंवा धारच आत झिजलीय.
– दोन्ही बाजूंना टाच आणि टोकाला उरली : धार बाहेरच्या बाजूला हसरी आहे किंवा दगडाला कुबड आहे.
– एका बाजूला मधे, दुसऱ्या बाजूला दोन टोकांना उरली : पाते कमानीसारखं वाकलंय.
– एकाच बाजूच्या एकाच टोकाला उरली (तुमचं) : पीळ किंवा हात.

दोन्ही कारणांवर उपाय एकच. दगडाची पूर्ण रुंदी वापरू नका, कडेची इंचभर पट्टीच वापरा. टाच पुढे ठेवून पाते ४५ अंशांत तिरकं धरा. टाचेजवळून सुरुवात करून पुढे जाता जाता पाते बाजूला सरकवा, म्हणजे हात संपताना दगडावर फक्त टोक राहील. याच तिरप्या हाताने मुठीकडची बाजू शेवटी केसभर उचला. केसभरच, जास्त उचललीत तर टोक गोल होईल. डाव्या बाजूची शाई जाईपर्यंत फक्त त्याच बाजूचे १०-१० हात, मग दोन्ही बाजूंनी आलटून पालटून १०. नुसत्या एका बाजूवर थांबलात तर धार सरकून दुसरीकडे तार उठेल.

पाणीदार
पाठीला टेप लावला आहे का? जुन्या वस्तऱ्यावर १००० चं एवढं काम करायचं तर एक पट्टी इलेक्ट्रिकल टेप लावाच, नाहीतर पाठ झिजून रुंद सपाट पट्टे दिसायला लागतात. त्याने कोन साधारण एक अंशाने वाढतो, दाढीत काही कळत नाही. टेप घासून फाटण्याआधी बदलायचा, आणि एकदा लावला की शेवटच्या दगडापर्यंत ठेवायचा. १००० वर टेप आणि १२००० वर उघडी पाठ असं केलं तर कोन बदलतो आणि वरचा दगड धारेपर्यंत पोचतच नाही.

सोलिंगनप्रेमी
टेपवर माझं मत वेगळं आहे. सोनेरी नक्षी किंवा आधीच झिजलेली पाठ असेल तर टेप जरूर लावा. एरवी पाठ आणि धार बरोबरीने झिजणं हीच या हत्याराची रचना आहे, म्हणून तर कोन टिकतो. शिकताना टेपमुळे दगडाची पकड कळत नाही, पाते जरा गादीवर चालल्यासारखं वाटतं. अर्थात शेवटपर्यंत एकच पद्धत, हे पाणीदार यांचं म्हणणं सोळा आणे खरं.

पेस्टबद्दल : स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्यांकडे मिळणारी हिरवी वडी वापरू नका. त्यात क्रोमियम ऑक्साइडबरोबर अॅल्युमिनाही असतो, कण लहानमोठे असतात. शुद्ध अर्ध्या मायक्रॉनची पूड बाल्सा लाकडावर चोळून १० हात चालतात, पण धार जुळल्यानंतर. आता नाही.

घाटमाथा
काचेवर डुलत नाही, म्हणजे हाताचाच दोष. एक पट्टी टेप लावून तिरप्या हाताने डावी बाजू घासली, शाई संपूर्ण गेली. मग ६००० आणि १२००० वर २५-२५ हलके हात. आता टोकही कापतं. हनुवटीवर अजून किंचित ओढ जाणवते. पट्टा?

निसणा
आधी दोष धारेचा की धरण्याचा ते ठरवा. पात्याचा जो मधला भाग गालावर छान चालतो, तोच हनुवटीवर वापरा. तो गुळगुळीत गेला तर टोकाला थोडं काम उरलंय. तोही ओढत असेल तर कोन बघा. हनुवटीच्या वळणावर पाते नकळत ४०-४५ अंशांपर्यंत उभं राहतं. ३० अंश ठेवा, म्हणजे पाठ आणि त्वचा यांत अंतर पाठीच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट. खालचा ओठ दातांवर ताणून घ्या, आणि आधी केसांच्या दिशेनेच. उलटी दाढी हनुवटीवर इतक्यात नको.

पट्ट्यावर ३० हात कमी आहेत. आधी कापडी बाजूवर २०, मग चामड्यावर ५०. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पाठीवरच लोळवायचं. धारेवर वळवलं की पट्टा चिरतो आणि धारही जाते. पट्टा सैल धरला तर तो पात्याभोवती वाकतो, दहा-बारा हातांतच धार गोल होते आणि आपण दगडाला शिव्या घालतो. ताठ ओढा, दाब अजिबात नको.

कोकणी_मीठ
एक राहिलं. पाते कार्बन स्टीलचं असेल तर पावसाळ्यात धारेवरच गंज धरतो आणि ही सगळी मेहनत आठवडाभरात जाते. दाढी झाली की मुठीच्या खिळीपाशीही पुसून कोरडं करा, पट्ट्यावर ५-१० हात द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन धारेलगत फिरवा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. मूठ जुन्या सेल्युलॉइडची (एक जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक) असेल तर बंद डबीत ठेवू नका. ती कुजताना आम्लाची वाफ सोडते आणि मुठीत जाणारा भाग आतून खाल्ला जातो. न्हाणीघरात तर कधीच ठेवू नका. पुढच्या दाढीआधी तेल पुसून मगच पट्टा.