हिरवा रंग बघून कॅप्टन ठरवता? मग मार्च २०२३ आठवा

ऑफसाइड_आबा
फँटसी प्रीमियर लीगवाल्यांनो (इंग्लिश फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून त्यांच्या कामगिरीचे गुण मिळवायचा आपला खेळ), सरळ विचारतो. सामना किती अवघड ते १ ते ५ मध्ये सांगणारं ते रंगीत कोष्टक, एफडीआर (हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे अवघड), त्याचा कॅप्टन निवडताना कुणाला खरंच फायदा झालाय? ५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलनं मँचेस्टर युनायटेडला ७-० धुतलं. लिव्हरपूलच्या सलाहचे दोन गोल, दोन असिस्ट (गोलाचा पास). सहा दिवसांनी बोर्नमथ, तळाला रखडलेला संघ. कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात, म्हणून आमच्या आख्ख्या ग्रुपनं ती पट्टी सलाहला बांधली. शनिवारी संध्याकाळी सहाची मॅच, चहाचा कप घेऊन बसलो. लिव्हरपूल ०-१ हरलं आणि सलाहनं पेनल्टी बाहेर मारली! खेळल्याचे दोन गुण, पेनल्टी हुकल्याचे वजा दोन. आता करा त्याची दुप्पट.

आणि त्याच मोसमात, ऑगस्ट २०२२ मध्ये, याच बोर्नमथला ९-० हाणलं तेव्हाही सलाहचा ना गोल, ना असिस्ट.

सरासरी_बाई
आबा, एका शनिवारच्या जखमेवर सिद्धांत नका उभारू. पेनल्टी मिळाली म्हणजे संधी आलीच होती की. एक्सजीच्या (संधी किती गोलांच्या तोलाची ते सांगणारा आकडा) हिशेबात पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल धरतात. निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर ३८ आठवडे नुसते कपाळ बडवत बसाल. आणि त्या ९-० मध्ये लिव्हरपूलच्याच फिर्मिनोनं दोन गोल, तीन असिस्ट केले. सामना सोपाच होता, तुमचा माणूस चुकला.

ऑफसाइड_आबा
ताई, मी तेच तर म्हणतोय! कोष्टक संघाचं सांगतं, माणसाचं नाही.

बेंचवरचा_बंड्या
तुम्ही दोघं गोल करणाऱ्यांतच अडकलात. २०२५-२६ पासून नियम बदललाय: बचावपटूनं क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल मिळून दहा केले की दोन गुण जादा. आता विचार करा, खालच्या संघाचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, मँचेस्टर सिटीसमोर उभा आहे. बॉल सारखा त्याच्याच डोक्यावर येतोय, तो नुसता बाहेर भिरकावतोय. क्लीन शीटचे (एकही गोल न खाल्ल्याचे) चार गुण विसरा, पण दहाचा आकडा तिथंच भरतो. म्हणजे कोष्टकात लाल दिसणारा सामना या गड्याला चालतो. एकच रंग हल्ल्यालाही आणि बचावालाही लावायचा, ही कसली पद्धत?

सरासरी_बाई
आणि चार गोल खाल्ले की वजा दोन. कमावलं ते गेलं. पण एकच रंग दोघांना लावणं चुकीचं, हे मान्य. म्हणून तर मी रंग सोडून समोरचा संघ घरी किती एक्सजी देतो आणि बाहेर किती, ते बघते.

आखूड_टप्पा
मला आकडेमोड जमत नाही राव. २०२२-२३ मध्ये सिटीचा गोल मारणारा हालंड घेतला आणि विसरलो. ३६ गोल, २७२ गुण. समोर कोण आहे हे बघितलंच नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण मात्र रंग बदलला की गडी बदलायचा, दर आठवड्याला जादा बदलाचे वजा चार. मे महिन्यात त्यानं ग्रुपच सोडला.

सरासरी_बाई
हालंड कुणालाही जमतो हो. उरलेले चौदा कसे निवडलेत ते सांगा.

आखूड_टप्पा
बायकोला विचारून. हसू नका, गुणांत ती माझ्या वर आहे.

बेंचवरचा_बंड्या
कोष्टक एका कामाला मात्र येतं. दोन स्वस्त गोलकीपर असे घ्यायचे की एकाचा घरचा सामना तेव्हा दुसऱ्याचा बाहेरचा. पाच-सहा आठवड्यांचं ओझं उतरतं. कॅप्टनसाठी नको, आबांशी सहमत.

ऑफसाइड_आबा
चला, एक तरी मत पडलं! तरी ताई, तुमच्या एक्सजीला एक विचारून ठेवतो. आपला संघ ठरवायची डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी, आणि अकरा जणांची यादी येते त्यानंतर. कोचनं गडी बाकावर बसवला, तर तो आकडा कुठल्या रकान्यात धरता?