परदेशात अडवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी प्रार्थना: त्याची बदली मागावी का?

सदरवाला
नागपुरातून आखातात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून इथल्या चर्चच्या मंडळीकडे एक विनंती वरचेवर येते: ‘परवान्याचा अधिकारी आमचा धर्म बघून अडवतो, त्याची बदली व्हावी म्हणून प्रार्थना करा.’ माझ्या मते ही मागणी उपासनेत घेऊच नये. मत्तय ५:४४ छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतं. १ तीमथ्य २:१-२ मध्ये तर अधिकाऱ्यांसाठी विनंती, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती अशा चार गोष्टी आहेत. आपण पहिलीवरच अडकतो.

कुटुंब-प्रार्थनेत आधी त्याचं घर, त्याची तब्येत घ्या. मग त्याच्या हातून सगळ्यांनाच न्याय मिळावा म्हणून मागा. त्याने एखादं काम नीट केलं असेल तर त्याबद्दल आभार माना. आपली फाइल शेवटी. फाइल आधी आली की पुढचं सगळं गाऱ्हाणं होतं, आणि मुलं तेच शिकतात.

मेकोसाबागकर
साफ अमान्य. ‘त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो’ या अर्थाची ओळ स्तोत्र १०९:८ मध्ये आहे, आणि ती आपल्याच पवित्र शास्त्रात आहे. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, अडला की मुलांची शाळा, दवाखाना, घरभाडं सगळंच लटकतं. अशा माणसाला ‘आधी त्याच्या तब्येतीसाठी माग’ म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाला रोज त्रास देते आणि येशू तिचंच उदाहरण देतो.

सदरवाला
विधवा निकाल मागते, न्यायाधीश बदलून मागत नाही. आणि १०९:८ नव्या करारात येतं ते प्रेषितांची कृत्ये १:२० मध्ये. पेत्र ते येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल वापरतो, तेही तो मेल्यावर. जिवंत अधिकाऱ्यावर ते कसं लावता?

मेकोसाबागकर
स्तोत्र लिहिणाऱ्याचा शत्रू तर जिवंतच होता. पेत्राने पुढे ते कुठे वापरलं, त्याने मूळ प्रार्थना रद्द होत नाही.

खलाशी लाइन
दोघंही वैर गृहीत धरून भांडताय. आधी कागद तपासा. सौदीत अवलंबितांमागे माणशी दरमहा ४०० रियाल फी २०२० पासून आहे. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाचे १४,४०० रियाल. ही फी, वाहतुकीचा दंड किंवा आरोग्य विमा यातलं काहीही बाकी असलं तर नूतनीकरण पुढे सरकत नाही. तिथे अडवणारा माणूस नसतो, संगणक असतो.

दुसरी नेहमीची अडचण नावाची. चर्चच्या विवाह दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. कोणत्याही धर्माच्या माणसाचा असा कागद परत येतो. नाव आधी दुरुस्त करा, मग राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सौदीसाठी अपोस्टिल ७ डिसेंबर २०२२ पासून चालतं.

सगळं चोख असूनही नकार आला, तर नकाराचं कारण आणि अर्जाचा क्रमांक लेखी मागा. मग दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचं तक्रारींसाठीचं ‘मदद’ पोर्टल. पौलानेही कैसराकडे अपील केलंच होतं (कृत्ये २५:११). नहेम्याने राजापुढे मनात प्रार्थना केली आणि लगेच प्रांताधिकाऱ्यांच्या नावे पत्रंही मागून घेतली (२:४-८). माझ्या दृष्टीने ही पत्रं त्या प्रार्थनेचाच भाग आहेत.

मोहननगर
एक गोष्ट कुणीच बोललं नाही, आणि ती सगळ्यात धोक्याची आहे. व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना साखळीत अधिकाऱ्याचं नाव, कचेरी, फोटो टाकू नका. अमिरातीत २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर कायदा ऑनलाइन अपमानाला गुन्हा मानतो. तो सरकारी नोकराचा असेल तर आणखी गंभीर धरतो. इथून कळवळ्याने पाठवलेला ‘त्या दुष्टाला देव बघून घेईल’ हा संदेश पुढे ढकलला गेला, तर अडकणार तिथलं कुटुंब. सौदीत तर चर्चच नाही, उपासना घरातच होते. तिथल्या कुटुंबाचा पत्ता, जमण्याची वेळ, घरच्या उपासनेचे फोटोही लिहू-पाठवू नयेत. ‘एका अधिकाऱ्यासाठी आणि एका कुटुंबासाठी’ एवढं पुरे, देवाला नाव माहीत आहे. लहान मुलांसमोरही नाव नको, ती शाळेत बोलतात.

सदरवाला
हे पूर्ण मान्य. वेळेचंही सांगतो. सौदीत रविवार कामाचा दिवस. इथे रविवारी साडेदहाला मध्यस्थी चालते तेव्हा रियाधमध्ये आठ वाजलेले असतात, तो अधिकारी नुकताच कामाला बसलेला असतो. त्याच वेळी त्याच्यासाठी मागावं. यिर्मया २९:७ मध्ये बंदिवानांना बाबेलच्याच भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि त्याच बाबेलच्या राजाने त्यांना घरातून उचलून नेलं होतं.

मेकोसाबागकर
नाव न लिहिणं, कागद तपासणं, लेखी कारण मागणं, सगळं घेतो. बदलीवर मात्र मी ठाम आहे. मंडळीपुढे मोठ्याने नको असेल तर नको. पण दार लावून त्या घरातली आई १०९ वं स्तोत्र वाचत असेल, तर पाळकांनी ते थांबवू नये.

सदरवाला
थांबवू नये. पण ते झाल्यावर तिच्याबरोबर मत्तय ५ वाचायला कुणीतरी बसावं.