५ मिनिटच्या चार्टवर एडीएक्स-आरएसआयचा फिल्टर लावूनही फसवे ब्रेकआउट का मिळतायत?

खान्देशी_कॅण्डल

नमस्कार मंडळी. मी निफ्टी फ्युचर (निर्देशांकाचा वायदा) आणि तीन-चार मोठ्या शेअरमध्ये ओपनिंग रेंज ब्रेकआउट करतो, म्हणजे ९:१५ ते ९:३० चा हाय-लो आखायचा आणि त्याच्या बाहेर ५ मिनिटची कॅण्डल (चार्टवर पाच मिनिटांचे भाव दाखवणारी एक पट्टी) क्लोज झाली की एन्ट्री. नुसतं एवढंच केलं तर साइडवेज दिवशी आधी वरचा एसएल (स्टॉपलॉस, तोटा थांबवायला ठरवलेला भाव) उडतो मग खालचा, हे काही नवीन नाही, म्हणून फिल्टर लावलाय. एडीएक्स (कल किती जोरात आहे ते सांगतो, दिशा नाही) १४ कॅण्डलचा २५ च्या वर पाहिजे, आरएसआय (भाव चढण्या-पडण्याचा जोर, ० ते १०० मध्ये) १४ चा लाँगला म्हणजे खरेदीला ६० च्या वर आणि शॉर्टला म्हणजे आधी विकायला ४० च्या खाली. मार्केटमध्ये जोर असेल तरच हात घालायचा, नाहीतर गप्प बसायचं, एवढाच हेतू.

आता गंमत अशी होतेय की गॅप-अप किंवा गॅप-डाउन (कालच्या बंद भावापेक्षा बरंच वर किंवा खाली उघडणं) असला की फिल्टर जवळपास दरवेळी हिरवा म्हणजे पास, आणि नेमके त्याच दिवशीचे ब्रेकआउट जास्त फेल जातायत. उलट सपाट ओपनिंग होऊन हळूहळू मस्त चढलेला दिवस असला की एडीएक्स अकरा वाजेपर्यंत १८-२० वरच लोळतो आणि मला एन्ट्रीच देत नाही, देतो तेव्हा अर्धी मूव्ह होऊन गेलेली असते. एका ग्रुपवर सांगितलं म्हणून एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक हे अजून दोन इंडिकेटर पण जोडून बघितले, ट्रेड कमी झाले पण फेल जाणाऱ्यांचं प्रमाण आहे तिथेच.

२५ चं ३० करू का? पिरियड १४ चा ७ करू? की हे इंडिकेटर या कामाचेच नाहीत?

---

स्टॉपलॉस_काका

भाऊ फिल्टर नंतर, आधी खर्च मोज. समजा १००० रुपयाचा शेअर, २०० नग, म्हणजे २ लाखाची पोझिशन. डिस्काउंट ब्रोकरचे २० आणि २० चाळीस, विकताना एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) ०.०२५ टक्के म्हणजे ५० रुपये, एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्यूटी, वर १८ टक्के जीएसटी, सगळं धरून ११५-१२० रुपये जातात. म्हणजे शेअरमागे साधारण ६० पैसे तू कॅण्डल बघायच्या आधीच हरलेला. यात स्लिपेज (ठरवल्यापेक्षा वाईट भाव मिळणं) धरलेलंच नाही आणि ब्रेकआउटवाल्याला स्लिपेज जास्तच लागतं कारण सगळे एकाच भावाला धावतात.

बाजार नियामक सेबीचा जुलै २०२४ चा अभ्यास आहे, कॅश मार्केटात इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांना २०२२-२३ मध्ये तोटा. वर्षाला ५०० च्या वर ट्रेड करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के. त्यामुळे ज्या फिल्टरने ट्रेडची संख्या घटते तो निदान खर्च तरी वाचवतो, बाकी त्याच्यात अक्कल असो वा नसो.

---

मिरजकर

काकांचं खर्चाचं बरोबर आहे पण खान्देशीभाऊंनी जे पकडलंय ना गॅपचं, ते फार महत्त्वाचं आहे आणि त्याचं कारण एडीएक्सच्या गणितातच आहे, सेटिंगमध्ये नाही. जरा लांबण लागेल पण वाचा.

एडीएक्स, आरएसआय, एटीआर (सरासरी रेंज मोजणारा) ही तिन्ही वेल्स वाइल्डरची, १९७८ च्या पुस्तकातली. तो कमोडिटीवाला माणूस, आणि त्याची उदाहरणं डेली बारवरची, हाताने तक्ता भरून काढलेली. डेली बारवर गॅप म्हणजे त्या दिवसाच्या हालचालीचाच भाग. ५ मिनिटच्या चार्टवर मात्र काल ३:३० ला संपलेली कॅण्डल आणि आज ९:१५ ची कॅण्डल एकमेकीच्या शेजारी बसतात, आणि मधल्या पावणेअठरा तासांत अमेरिका, आशिया, क्रूड जे काही झालं ते सगळं एका ५ मिनिटात झालं असं गणित धरून चालतं.

आता आकड्यात बघा. काल संध्याकाळी एडीएक्स १८, मार्केट सुस्त, दर कॅण्डलला वर आणि खाली सरासरी ४-४ अंकांची डायरेक्शनल मूव्हमेंट (मागच्या कॅण्डलच्या हाय-लोच्या पलीकडे गेलेले अंक). म्हणजे १४ ची वाइल्डर बेरीज (दर कॅण्डलला जुन्या बेरजेचा चौदावा भाग वजा करून नवा आकडा मिळवायचा) दोन्हीकडे साधारण ५६. सकाळी निफ्टी १५० अंक वर उघडला. पहिल्याच कॅण्डलला प्लसची बेरीज २०० च्या आसपास गेली, मायनसची ५२. फरक भागिले बेरीज, गुणिले १०० केलं की डीएक्स ५९, आणि एडीएक्स म्हणजे याच डीएक्सची स्मूद केलेली, संथ सरासरी. मग एडीएक्स १८ चा २१ होतो, दुसऱ्या कॅण्डलला साडेतेवीस, तिसरीला २५ च्या वर. तिसरी कॅण्डल कधी क्लोज होते? ९:३० ला! म्हणजे तुमची ओपनिंग रेंज पूर्ण झाली त्याच मिनिटाला फिल्टर हिरवा, आणि या पंधरा मिनिटांत मार्केट जागचं हललेलं पण नाहीये. पुढे दिवसभर सपाट राहिलं तरी मी काढून बघितलं, या हिशोबाने एडीएक्स ३५ पर्यंत चढतो आणि साडेअकरा उलटून गेल्यावर २५ च्या खाली येतो. वाइल्डरच्या स्मूदिंगमध्ये जुन्या आकड्याचा प्रभाव अर्धा व्हायला नऊ-दहा कॅण्डल लागतात, ५ मिनिटच्या चार्टवर पाऊण तास, १५ मिनिटच्या चार्टवर सव्वादोन तासाच्या वर.

सगळ्यात ढळढळीत उदाहरण ७ एप्रिल २०२५, ट्रम्पच्या टॅरिफनंतरचा सोमवार. निफ्टी ११४६ अंक खाली, २१,७५८ ला उघडला, लो जवळपास तिथेच लागला, आणि बंद झाला २२,१६१.६० ला. म्हणजे हेडलाइनमध्ये ७४३ अंकांची पडझड, पण ओपनपासून बघाल तर ४०० अंकांची चढाई. त्या दिवशी आरएसआय ४० च्या खाली म्हणजे फक्त शॉर्ट असा फिल्टर लावून बसलेला माणूस, सांगा बरं, दिवसभर कुठल्या बाजूला उभा असेल?

पिरियड ७ केलात तर गॅपचा परिणाम लवकर ओसरेल पण चढेल पण तेवढाच जोरात. २५ चं ३० केलंत तर गॅपवाले दिवस तसेच पास होतील आणि सपाट ओपनिंगचे चांगले दिवस अजून उशिरा मिळतील, म्हणजे दुखणं वाढेलच.

---

शीट_वाली

मिरजकरांनी एडीएक्सची चिरफाड केलीच आहे, मी दुसऱ्या टोकाने बोलते.

आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक हे तिन्ही भावातूनच निघतात, आणि तुमची एन्ट्री पण भावातूनच. किंमत १५ मिनिटच्या हायच्या वर क्लोज झाली म्हटल्यावर ५ मिनिटचा आरएसआय ६० च्या आसपास किंवा वर बहुतेक वेळा असणारच, एमएसीडी पण मान वर काढणार. एकाच घरातले तीन साक्षीदार आणून केस भक्कम झाली म्हणण्यासारखं आहे हे. फिल्टरने एन्ट्रीला माहीत नसलेलं काहीतरी सांगायला हवं, म्हणजे वरची टाइमफ्रेम, किंवा आजची रेंज नेहमीच्या मानाने किती, व्हॉल्यूम किती, इंडेक्समधले किती शेअर सोबत आहेत, आज दहा वाजता आरबीआयची पॉलिसी आहे का. ६ जून २०२५ ला रेपो अर्धा टक्का कापला आणि वर सीआरआर (बँकांनी आरबीआयकडे ठेवायची रोख) एक टक्का, बँकांचे शेअर उसळले, त्याच्या पाच मिनिटं आधी कुठल्याही इंडिकेटरला त्याचा गंधही नव्हता.

आणि मुख्य मुद्दा. फिल्टर चांगला की वाईट हे तुम्ही घेतलेल्या ट्रेडवरून कळतच नाही, त्याने *अडवलेल्या* ट्रेडवरून कळतं. मी शीटमध्ये प्रत्येक ब्रेकआउट लिहिते, घेतला नसला तरी. रकाने असे: तारीख, दिशा, गॅप किती, फिल्टर हो की नाही, एसएलच्या पटीत निकाल (म्हणजे एसएल १ धरला तर मिळाले १.५ की गेले १), आणि खर्च वजा करून पुन्हा तोच आकडा. मग पिव्होट टेबल लावून हो-वाल्यांची सरासरी आणि नाही-वाल्यांची सरासरी शेजारी ठेवायची. दोन्ही सारखेच निघाले तर तो फिल्टर फक्त ट्रेड कापतोय, निवडत नाहीये. तुमचं वर्णन वाचून तर वाटतंय तुमचा फिल्टर उलटा निवडतोय, तसं निघालं तरी वाईट नाही, निदान कळेल तरी.

अजून एक, २५ की ३० की २७ हे ज्या डेटावर ठरवाल त्याच डेटावर पास करून घेऊ नका. अर्ध्यावर ठरवा, उरलेल्या अर्ध्याला हात न लावता तपासा. २५ ला फायदा, २७ ला तोटा, ३० ला परत फायदा असं दिसलं तर तो योगायोग आहे, शेजारचे आकडे पण साधारण तसंच बोलले पाहिजेत.

---

थीटा_देवा

ऑप्शन बाय करणाऱ्यांसाठी एक ॲड करतो. फ्युचरला मार्केट दोन तास एका जागी थांबलं तर फार बिघडत नाही, पण ऑप्शनसाठी मोजलेला प्रीमियम वेळ जाईल तसा वितळतो, त्यात मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी (ऑप्शनची मुदत संपणं) असली तर दुपारनंतर बघवत नाही. त्यामुळे आमचा फिल्टर दिशा बरोबर का यापेक्षा "पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात हलणार का" हा पाहिजे. साडेअकरा ते दीड मी नवीन पोझिशन करतच नाही, इंडिकेटर काहीही म्हणो. रेंज सकाळी आणि शेवटच्या तासात, मधे झोप, हे कुठल्याही महिन्याचा चार्ट उघडून बघा.

---

खान्देशी_कॅण्डल

बापरे, ९:३० चं गणित वाचून चाट पडलो, आत्ता जुने चार्ट उघडून बघितले तर खरंच गॅपच्या दिवशी सगळीकडे तिसऱ्या-चौथ्या कॅण्डललाच २५ क्रॉस. मिरजकर, मग गॅप काढून टाकून एडीएक्स लावता येतो का? आणि त्याच्या ऐवजी दुसरं काही असेल तर सांगा, मला कोडिंग येत नाही, एक्सेल येतं.

ताई, अडवलेले ट्रेड लिहायचं आजपासूनच चालू करतो, मागचे पण चार्टवरून काढता येतील.

---

मिरजकर

येतो की. पहिल्या कॅण्डलसाठी "मागचा क्लोज" म्हणून कालचा क्लोज न घेता आजचा ओपन घ्यायचा, आणि कालचे सगळे भाव गॅपएवढे सरकवून आजच्या ओपनला जोडायचे. एक्सेलमध्ये कालच्या ओपन-हाय-लो-क्लोजमध्ये तो फरक मिळवला की झालं, पुढची सूत्रं तीच. यामुळे सकाळचा खोटा हिरवा जातो. सपाट ओपनिंगच्या दिवशी उशीर होतो तो मात्र जात नाही, कारण दोनदा स्मूदिंग केलेला आकडा उशिराच बोलणार.

म्हणून मी स्वतः सकाळसाठी एडीएक्स सोडून एफिशियन्सी रेशो वापरतो, पेरी कॉफमनचा. सोपा आहे. ९:१५ च्या ओपनपासून आत्तापर्यंत निव्वळ किती अंक सरकलं, भागिले दर कॅण्डलच्या क्लोज-टू-क्लोज फरकांची बेरीज, वजाबाकीचं चिन्ह काढून. एक्सेलमध्ये एबीएस आणि सम, दोनच फंक्शन. समजा सव्वादहापर्यंत बारा कॅण्डलमध्ये मार्केट एकूण १५० अंक चाललं आणि निव्वळ ६० वर आहे तर रेशो ०.४, बऱ्यापैकी सरळ चाललंय. तेवढंच १५० चालून निव्वळ १५ वर असेल तर ०.१, म्हणजे नुसती वर-खाली चटणी. आजच्याच दिवसापासून मोजल्यामुळे कालचं काही चिकटत नाही. मात्र पहिल्या तीन-चार कॅण्डलवर विश्वास ठेवू नका, दोन कॅण्डल एका दिशेने गेल्या की रेशो १ दाखवतो. मी पावणेदहाच्या आधी तो बघत नाही.

सोबत दुसरी अट, आजची पहिल्या अर्ध्या तासाची रेंज भागिले मागच्या दहा दिवसांच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या रेंजची सरासरी. अर्धा तास हा अर्ध्या तासाशीच तोलायचा, पूर्ण दिवसाच्या एटीआरशी नाही, कारण सकाळची रेंज मुळातच मोठी असते. हा आकडा फार मोठा आला, दुपटीच्या वर, तरी मी सावध होतो, बरीचशी मूव्ह आधीच खर्च झालेली असते आणि एसएल लांब ठेवावा लागतो. माझे कटऑफ देत नाही, ते मी निफ्टीवर काढलेत, तुमच्या शेअरला चालतीलच असं नाही, ताईंच्या शीटमध्ये रकाना वाढवा आणि तुमचे तुम्हीच काढा.

---

स्टॉपलॉस_काका

व्हीडब्ल्यूएपी (व्हॉल्यूमचा भार धरून काढलेला दिवसाचा सरासरी भाव) का नाही वापरत? रोज नव्याने सुरू होतो, गॅपची भानगडच नाही.

---

मिरजकर

वापरा की काका, शेअरवर उत्तम आहे. फक्त निफ्टी स्पॉटच्या चार्टवर लावू नका, इंडेक्स स्वतः ट्रेड होत नाही त्यामुळे त्याला स्वतःचं व्हॉल्यूमच नसतं, काही प्लॅटफॉर्म तरीही एक रेघ काढून देतात. फ्युचरचा चार्ट घ्या, तो पण चालू महिन्याचा, आणि एक्स्पायरीच्या एक-दोन दिवस आधी व्हॉल्यूम पुढच्या महिन्यात सरकायला लागलं की तिकडचा लावा.