मदत हवी आहे: विसेंबूरच्या सीमेवर द्राक्षमळे + जंगल, एका दिवसात रोड सायकलने

नमस्कार मंडळी,

मी मूळची पिंपळगाव बसवंतची, गेली तीन वर्षं कार्ल्सरूहेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी विसेंबूरहून एक गोल राइड करायची आहे. एकदा तोंडघशी पडून झालंय, म्हणून या वेळी आधी विचारते.

नकाशा न उघडणाऱ्यांसाठी: जर्मनीतला फाल्त्स आणि फ्रान्समधलं अल्सास जिथे भिडतात तिथे लाउटर नावाची छोटी नदी आहे, आणि तिच्या काठी विसेंबूर हे फ्रेंच गाव. पूर्वेला ऱ्हाइनचं सपाट मैदान, डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षमळे, आणि मळा संपला की लगेच जंगल. जंगल एकच, नावं दोन: जर्मन बाजूला फेल्त्सरवाल्ड, फ्रेंच बाजूला उत्तर व्होज.

एप्रिलमध्ये बाड बेर्गत्साबर्नहून निघाले होते. मोबाइलमधल्या ॲपला 'सायकल' एवढंच सांगितलं होतं. बॉबेनथालच्या अलीकडे त्याने डांबरी सोडून मला जंगलात घातलं. आधी खडी, मग मुळं, मग चक्क वाळू. माझे टायर २५ मिमी रुंदीचे. तास-दीड तास सायकल हातात धरून चालले, मागचं चाक दोनदा पंक्चर, जवळ ट्यूब एकच. कार्ल्सरूहेची गाडी चुकली ते वेगळंच.

आता प्रश्न. जंगल आधी करावं की द्राक्षमळे? कोल द्यु पिजोनिए ही खिंड (शब्दशः 'कबुतरखान्याची खिंड', दादरकरांनी हसू नये) माझ्या गिअरवर (पुढे ५०/३४ दात, मागच्या कॅसेटला ११ ते २८) झेपेल का? सरावात फक्त मैदानी रस्ते आहेत, घाट म्हणाल तर लग्नाआधी सप्तशृंगीचा, तोही अर्धाच. सीमेवर पासपोर्ट लागतो का? आणि मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), वाटेत खायचं काय?

मुख्य इच्छा द्राक्षतोडणी बघायची आहे. पप्पांना फोटो पाठवायचेत.

---

पंक्चरवाला:

ताई, वाळूचा दोष ॲपचा कमी आणि दगडाचा जास्त. तो सगळा डोंगर लाल वालुकाश्माचा आहे, झिजला की वाळूच होणार. तिथल्या जंगलवाटा ४० च्या टायरला ठीक, २५ ला नाही. ॲपमध्ये 'रोड सायकल' निवडा आणि तरीही रस्त्याचा प्रकार डोळ्यांनी तपासा. दोन ट्यूब घ्या, आणि हवेचा दाब थोडा कमी ठेवा.

दिशेबद्दल: जंगल सकाळी, मळे दुपारी. विसेंबूरहून लाउटरच्या काठाने वर निघा: वाइलर, जर्मन हद्दीत सांक्ट गेर्मान्सहोफ, बॉबेनथाल, बुंडेनथाल. रस्ता नदीसोबत हळूहळू चढतो, पाय आपोआप गरम होतात. पुढे रुमबाख, मग डावीकडे शोनाऊ आणि हिर्शथाल, की परत फ्रान्स. डावीकडे फ्लेकेनश्टाइनचा किल्ला लागेल. कातळ कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते लांबून कळत नाही. आपल्या हरिहरच्या पायऱ्या आठवतात. मग लेंबाख, क्लिंबाख, पिजोनिए आणि खाली विसेंबूर. सगळं मिळून पन्नासच्या आसपास.

खिंड ४३२ मीटरवर आहे, विसेंबूर साधारण १६० वर. त्या बाजूने चढ सलग आणि चार-पाच टक्क्यांचा. लेंबाखकडून तो तुकड्यातुकड्यांनी येतो, मध्ये क्लिंबाखला दम खाता येतो. पुढे ३४, मागे २८ या सगळ्यात हलक्या गिअरवर आरामात होईल. सप्तशृंगी अर्धा केलाय म्हणता ना, मग हे काहीच नाही. उतरताना मात्र सांभाळा: झाडीमुळे वळणांवर रस्ता ओला राहतो आणि शनिवारी मोटरसायकलवाले जोरात असतात.

---

जुना वकील:

पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ. मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेनच्या खुल्या सीमांच्या करारामुळे एरवी तिथे कुणी उभं नसतं, पण सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. सायकलवाल्याला अडवण्याची शक्यता कमी, पण आपला चेहरा आणि आपला पासपोर्ट बघता कमीवर विसंबू नये.

दुसरं, सीमा ओलांडली की नियमही बदलतात. फ्रान्समध्ये सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला बंदी आहे, एका कानातही नाही. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट सक्तीचं. दारूची मर्यादा तिथे सायकलला मोटारीइतकीच, रक्तात हजारी ०.५. जर्मनीत १.६ पर्यंत चालतं असं लोक छातीठोक सांगतात, ते अर्धसत्य आहे. तोल गेला किंवा अपघात झाला तर ०.३ लाही गुन्हा लागू शकतो.

अवांतर: सांक्ट गेर्मान्सहोफला एक मिनिट थांबाच. ६ ऑगस्ट १९५० ला वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो विद्यार्थ्यांनी तिथे सीमेचे अडसर उखडून पेटवले होते. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती! त्याच विसेंबूरला ४ ऑगस्ट १८७० ला फ्रान्स-प्रशिया युद्धातली पहिली मोठी लढाई झाली, आणि तुमच्या वाटेवरच्या लेंबाखला मॅजिनो तटबंदीचा भुयारी किल्ला आहे. त्या रस्त्यावर नुसतं पेडल मारत जाणं मला तरी जमत नाही.

---

लोणावळी चिक्की:

खाण्याचं मी सांगते, सहा वर्षं मानहाइममध्ये काढली आहेत. फ्लामकूखन (साय आणि कांदा लावून भाजलेली पातळ पोळी) दिसायला शाकाहारी, पण मूळ पदार्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. कांद्याच्या त्सीबेलकूखनमध्येही बहुतेक वेळा असतातच. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ते तुकडे कुणी मांसात धरत नाही! जर्मन बाजूला 'ओने श्पेक' आणि फ्रेंच बाजूला 'सां लार्दों' असं स्पष्ट सांगा. जंगलातल्या झोपडीवजा हॉटेलांत (त्यांना ते हुटं म्हणतात) उकडलेला बटाटा आणि पांढरं चीज हमखास मिळतं. चीज म्हणजे आपल्या चक्क्याचा भाऊ. वरून मीठ-मिरपूड घातली की घरचं वाटतं. फ्रान्समध्ये जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. लेंबाखला अडीचला पोचलात तर उपाशी राहाल.

सप्टेंबरात रस्त्याकडेला 'नोया वाइन' विकतात, अर्धवट आंबलेला द्राक्षरस. गोड लागतो म्हणून फसू नका. आणि बाटली पाठीवरच्या पिशवीत अजिबात टाकू नका. रस अजून फसफसत असतो म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात, आडवी केली की सांडते. माझा एक पांढरा टीशर्ट कायमचा पिवळा झाला आहे.

---

पंक्चरवाला:

तोडणीबद्दल राहिलंच. विसेंबूरहून जवळच, जर्मन हद्दीत श्वाइगेन. तिथे १९३६ मध्ये बांधलेली दगडी वेस आहे, वाइनटोर. जर्मन वाइन रस्ता तिथून सुरू होतो तो थेट बोकेनहाइमपर्यंत, सुमारे ८५ किलोमीटर. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो मोटारींना बंद असतो, ते पुढच्या वर्षी करा. श्वाइगेनच्या शेतकऱ्यांची गंमत म्हणजे त्यांचे बरेच मळे फ्रान्सच्या हद्दीत आहेत, आणि त्या द्राक्षांची वाइन तरीही फाल्त्सची म्हणून विकायला परवानगी आहे. बांधावरून भांडणारे आपण!

मळ्यातले रस्ते पक्के आहेत, पण तोडणीत ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि चिरडलेली द्राक्षं असतात. वळताना ब्रेक दाबू नका. ट्रॅक्टर आला की उतरून बाजूला व्हा, तो रस्ता त्यांचा आहे.

---

धागाकर्ती:

मंडळी, झाली! ५८ किलोमीटर, कारण रुमबाखनंतरचं वळण चुकले आणि फिशबाखपर्यंत जाऊन आले. जाताना विंडेनला गाडी बदलली, शनिवार असल्याने सायकलचं तिकीट लागलं नाही. पासपोर्ट कुणी विचारला नाही, पण खिशात होता म्हणून निर्धास्त होते. पिजोनिए न उतरता चढले, क्लिंबाखला मात्र पाच मिनिटं बसले. सां लार्दों म्हटल्यावर बाई हसल्या, पण मश्रूमवालं करून दिलं.

श्वाइगेनच्या मळ्यात उभी राहून पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आधी म्हणाले, मांडव कुठाय? सांगितलं की इथे तारांवर उभ्या ओळी असतात. मग विचारलं, घड इतके लहान का, मण्यांना फुगवण नाही का? म्हटलं खायची नाहीत, वाइनची आहेत. शेवटी छाटणीवर आले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी; इथे एकच, हिवाळ्यात. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.

"मग उरलेलं वर्षभर करतात काय?"

जाणकारांनी सांगावं, मला रात्री फोनवर उत्तर द्यायचंय.