अनुभव धागा : समतेवरचा निबंध नेमका कुठे फसतो?

७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, २६ ला संविधान दिन, ३ जानेवारी, १४ एप्रिल... सातारा-सांगलीकडे निबंधस्पर्धांचा हंगाम ठरलेला. विषयही तेच: नागरी हक्क, समता, भेदभाव. तपासणाऱ्यांनी आणि तयारी करून घेणाऱ्यांनी लिहावं. आठवणी नकोत, काय चुकतं आणि कशानं सुधारतं तेवढंच सांगा.

कराड, मराठी विषय :
'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे' ही पहिली ओळ दिसली की खोडायला लावा. त्या जागी प्रसंग हवा. मसूर स्टेशन आपल्याच तालुक्यात. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले छोटे भीमराव आंबेडकर आणि सोबतची मुलं तिथं उतरली. जात कळली तसा एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी सौदा ठरला तो असा: भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालत येणार. एवढं लिहिलं की 'अमानुष', 'काळिमा' वगैरे विशेषणं आपोआप गळतात. मग मुलांना विचारायचं, पैसे खिशात असून अडलं कशानं? गरिबीत पैसा नसतो म्हणून अडतं, भेदभावात तो मोजूनही अडतं. हा फरक सापडला की निबंधाचा कणा मिळाला.

सातारा :
सनावळी! बाबासाहेबांचा शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९००. रजिस्टरातला क्रमांक १९१४. मुलं तो क्रमांक साल म्हणून टाकतात.

सांगली, कायदा शिकवणे :
संविधानात भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम १५ च्या यादीत मुलं भाषा, रंग, श्रीमंती सगळं कोंबतात. कलमात पाचच आधार आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. भाषा येते ती कलम २९(२) मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतल्या प्रवेशाबाबत.

दुसरा घोळ 'नागरी हक्क' या शब्दाचाच. आपला १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९७६ च्या दुरुस्तीनं नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्यात नागरी हक्क म्हणजे कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे मिळालेला हक्क. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीत हा शब्द मतदान, शाळा, नोकरी, बस सगळं कवेत घेतो. कुठला अर्थ धरलाय ते दुसऱ्याच परिच्छेदात लिहून टाकावं, नाहीतर पुढे गाडी घसरते.

मिरज :
कराडच्या सरांना जोड. महाडवर लिहिताना सगळे थेट २० मार्च १९२७ ला उडी मारतात. आधीच्या पायऱ्या गाळल्या की सत्याग्रह कशासाठी ते कळतच नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. पाणी प्यायला १९२७ उजाडलं आणि तळ्याच्या दाव्यावर उच्च न्यायालयाचा निकाल थेट १९३७ ला.

सांगली, कायदा शिकवणे :
@मिरज, मॅडम, अगदी. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराचा बस-बहिष्कार जोडायचाच असेल तर इथेच जोडा. तिथल्या बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळी आसनं हाच नियम होता, म्हणून ३८१ दिवसांचा बहिष्कार त्या नियमाविरुद्ध. महाडला नियम बाजूनं होता, आडवा आला तो गाव. 'दोन्हीकडे अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या तुलनेला मी गुण देत नाही.